खांब कशाचा हवा?

वार्षिक अंकासाठी लेख मागवले की आपली नजर आपोआप मोठ्या विषयांकडे वळते. देशापुढील समस्या, युवाशक्ती, भ्रष्टाचार, पर्यावरण, झालेच तर मराठीचे भवितव्य. हे विषय थोर आहेत यात शंका नाही. पण त्यांचा एक सोयीस्कर गुण असा की त्यांच्यावर काहीही लिहिले तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणी रागावत नाही. मी निवडलेला विषय मात्र फार लहान आहे आणि त्यावरून आमच्या वसाहतीतली निम्मी माणसे उरलेल्या निम्म्यांशी बोलेनाशी झाली आहेत. विषय आहे रस्त्यावरच्या दिव्याचा खांब. तो बिडाचा असावा, लोखंडी पाइपचा असावा, की फायबरचा?

"एवढ्याशा खांबावरून कसली भांडणे करता?" असे बाहेरचा माणूस सहज बोलून जातो. आमच्यातल्याही काही सुशिक्षित मंडळींचे मत तेच आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. घराच्या चार भिंतींच्या आत काय असावे हे ज्याचे तो ठरवतो. पण चार भिंतींच्या बाहेर सगळ्यांच्या मालकीची म्हणून जी वस्तू उभी राहते ती कशाची असावी, हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाची आपल्याला सवयच नाही. खांबाच्या निमित्ताने तो प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहिला आहे. उद्या तो तुमच्याही दारात येईल, कारण रत्नागिरीच्या आसपास जिथे थोडी सपाट जागा दिसते तिथे नव्या वसाहतीची पाटी लागलेली असते.

प्रथम हकिगत थोडक्यात सांगतो. आमची वसाहत सड्यावर आहे. पाच इमारती, मध्ये रस्ता, एक लहानशी बाग. समुद्र दिसत नाही, पण पश्चिमेचा वारा सुटला की ओठांवर मिठाची चव येते, इतका तो जवळ आहे. फ्लॅट विकताना बिल्डरने गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक दिले होते. त्यात संध्याकाळचे चित्र होते: ओला रस्ता, बाकावर बसलेले आजी-आजोबा, आणि दुतर्फा काळेभोर, वेलबुट्टीचे, जुन्या मुंबईची आठवण करून देणारे दिव्यांचे खांब. ताबा मिळाला, खांबही आले. पहिला पावसाळा संपला तेव्हा त्यांच्या बुडाशी तांबूस डाग दिसू लागले. दुसऱ्या पावसाळ्यात एका खांबावरचे फूल निखळून खाली पडले. ते उचलून पाहिले तेव्हा कळले, की फूल फायबरचे, आतला खांब साध्या लोखंडी पाइपचा आणि वरचा काळा रंग पावडर कोटिंगचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

रहिवाशांनी माहितीपत्रक बाहेर काढले आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. पत्रक दोन भाषांत छापलेले होते. इंग्रजी मजकुरात खांबांपुढे 'कास्ट आयर्न फिनिश' असे तीन शब्द होते. मराठी मजकुरात 'ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब' असे होते. 'फिनिश'ला मराठी शब्द सुचला नाही म्हणून तो गाळला, ओळीत जागा पुरली नाही म्हणून गाळला, की गाळलेलाच बरा म्हणून गाळला, हे देव जाणे. पण त्या एका शब्दावर वसाहतीतले सगळे खांब उभे आहेत. बिल्डर म्हणतो, इंग्रजी वाचा. मी बिडासारखे दिसणारे खांब कबूल केले होते, ते दिले. रहिवासी म्हणतात, मराठी वाचा. तुम्ही बिडाचे खांब कबूल केले होते, ते द्या. नोंदणी केलेल्या करारनाम्याच्या जोडपत्रात काय आहे? 'अंतर्गत रस्त्यावर सजावटीचे पथदिवे.' एवढेच. कशाचे, किती जाडीचे, कसल्या मुलाम्याचे, याबद्दल चकार शब्द नाही.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला लोखंडातले काय कळते, असे मला एका काकांनी सभेत विचारले. प्रश्न योग्य होता. पण या भांडणाचे मूळ लोखंडात नसून शब्दात आहे, आणि शब्द वाचणे हाच तर आपला अभ्यास. 'सजावटीचे' हे विशेषण आहे. ते वस्तू कशी दिसते ते सांगते, वस्तू कशाची आहे ते सांगत नाही. लाखो रुपये मोजून घेतलेल्या घराच्या करारात विशेषणे भरपूर आणि नामे थोडी असतील, तर भांडण व्हायचेच. तीन वर्षे साहित्य शिकणाऱ्यांनी घरात येणारा एखादा करारनामा वडिलांच्या आधी वाचला, तर शिक्षणाचा त्याहून रोख उपयोग दुसरा नसेल.

आता बिल्डरची बाजूही नीट मांडली पाहिजे. तो खलनायक नाही. सभेला स्वतः आला, चहा पाजला आणि म्हणणे सांगितले. बीड जड असते. त्याचे खांब कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत ओतवून आंबा घाटातून उतरवून आणायचे म्हणजे वाहतुकीचाच खर्च केवढा. शिवाय बीड ठिसूळ. सामानाचा टेम्पो मागे घेताना धक्का लागला तर पाइपचा खांब वाकतो, बिडाचा मोडतो. आणि मोडलेले बीड साध्या वेल्डिंगने सांधत नाही. "तुम्हीच दर पाडून मागितलात, मग मी कुठे कात्री लावायची?" असेही तो म्हणाला. यातला एकही मुद्दा खोटा नाही. फक्त हे सगळे त्याला माहितीपत्रक छापतानाही ठाऊक होते, एवढीच अडचण आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के, म्हणजे पोलादाच्या मानाने पुष्कळच. त्यामुळे ते वितळवून साच्यात ओतायला सोपे जाते आणि दाबाखाली भक्कम राहते. पण ताण आणि आघात त्याला सोसत नाहीत. बिडाचा तवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि हातून फरशीवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात, हे आपल्या आजीला धातुशास्त्र न शिकताच ठाऊक असते. बीड गंजत नाही असे नाही. पण ओतलेल्या खांबाची भिंत जाड असते, त्यामुळे तिला पोखरायला गंजाला फार काळ लागतो. पातळ पाइपचे तसे नाही. त्याला गंज दोन्ही अंगांनी खातो, बाहेरून दिसणारा आणि आतून न दिसणारा. त्यातही सर्वांत आधी जातो तो जमिनीलगतचा वीतभर पट्टा, जिथे ओली माती, साचलेले पाणी आणि हवा एकत्र येतात. वरून खांब काळा तुकतुकीत दिसतो आणि बुडाशी त्याचा पापड झालेला असतो.

मग लोखंडी खांब वापरूच नये का? अवश्य वापरावा, पण त्यावर काय चढवले आहे ते पाहावे. पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भाराने धातूला चिकटवून भट्टीत भाजणे. घरातल्या कपाटाला, खिडकीच्या जाळीला ते उत्तम. उघड्यावर मात्र त्याला ओरखडा पडला की खारट ओल त्यातून आत शिरते आणि रंगाच्या पापुद्र्याखालून गंज पसरत जातो. गॅल्व्हनायझिंगची तऱ्हा वेगळी. त्यात आख्खा खांब सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, म्हणजे तो आतून-बाहेरून माखला जातो. जस्त लोखंडाशी एकजीव होते, आणि ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते व लोखंडाला वाचवते. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादावर हा थर सरासरी ७० मायक्रॉन तरी असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. खाऱ्या हवेत जस्तही झिजतेच, म्हणून थर किती जाड आहे हे मोजून घ्यावे लागते. आणखी एक पथ्य असे, की भोके पाडणे, दार कापणे, वेल्डिंग करणे ही कामे आधी उरकून मगच खांब जस्तात बुडवायचा. जागेवर आणून वायरसाठी दार कापले, की त्या उघड्या कडेपासून गंजाला आमंत्रण मिळालेच. यातले काही गुपित नाही. मिरकरवाडा बंदरावर जाऊन कोणाही जाणत्या खलाशाला विचारा. नुसता रंग दर्यावर किती दिवस टिकतो ते तो सांगेल.

फायबरच्या खांबालाही आमच्याकडे समर्थक आहेत. काचेचे तंतू आणि राळ यांपासून तो बनतो. गंजत नाही, हलका असतो आणि मुख्य म्हणजे त्यातून वीज वाहत नाही. उन्हाने मात्र त्याचा पृष्ठभाग झिजतो आणि तंतू उघडे पडू लागतात, म्हणून त्यावर ऊन सोसणारा चांगला लेप लागतो. ॲल्युमिनियम स्वतःवर स्वतःच एक राखण करणारा पापुद्रा धरते, पण ते महाग आणि चोराच्या डोळ्यांवर येणारे. खेड्यापाड्यांत दिसणारा सिमेंटचा खांब स्वस्त आणि शहाणा खरा. पण त्याला तडा गेला की खारी ओल आतल्या सळ्यांपर्यंत पोचते. थोडक्यात, निर्दोष खांब कुठलाच नाही. प्रत्येकाचे दुखणे वेगळे. म्हणूनच 'कुठला चांगला' असे न विचारता 'इथे कुठला चांगला आणि तो सांभाळणार कोण' असे विचारायला हवे.

हा केवळ गंजाचा आणि शोभेचा प्रश्न असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. लोखंडी खांबाच्या पोटातून विजेची वायर जाते. बुडाशी गंज चढला, झाकणाचे दार सडले, पाणी आत शिरले आणि वायरचे आवरण कुठे खरचटलेले असले, तर तो खांब नुसता खांब राहत नाही. अशा वेळी वाचवते ते अर्थिंग, आणि वीज गळू लागताच प्रवाह तोडणारे यंत्र. आमच्या वसाहतीत एक निवृत्त वायरमन काका राहतात. त्यांनी सभेत एकच प्रश्न विचारला, "सड्याच्या कातळात अर्थिंगचे खड्डे किती आणि किती खोल खणलेत, आणि त्याची मोजणी कोणी केली?" जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट मिळवणे कष्टाचे असते. बिल्डरच्या इंजिनिअरने "केलेले आहे" एवढेच उत्तर दिले आणि सभा पुन्हा वेलबुट्टीकडे वळली. मला वाटते, त्या सभेतला एकमेव महत्त्वाचा प्रश्न तोच होता. पावसाळ्यात खांबाला हात लागून माणसे किंवा गुरे दगावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो.

खांबाला हात कोणाचा लागतो, याचाही विचार करून पाहा. मोटारीतून फाटकाच्या आत येऊन लिफ्टने वर जाणाऱ्याचा लागत नाही. दूधवाला त्याला सायकल टेकवतो. मासळी घेऊन येणारी मावशी पाटी उतरवून त्याच्या आधाराने क्षणभर टेकते. राखणदार रात्रभर त्याच्याच खाली खुर्ची टाकून बसतो. लपंडाव खेळणारी पोरे त्यालाच राज्य मानून त्यावर डोके ठेवून आकडे मोजतात. यांच्यापैकी एकाचेही नाव करारनाम्यात नाही आणि सभेला यांना कोणी बोलावत नाही.

सभेला येतात ते फ्लॅटधारक. त्यांच्यातही दोन तट आहेत. आमच्या वसाहतीतले अर्ध्याच्या आसपास फ्लॅट मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनी घेतलेले आहेत. मे महिन्यात आंब्याला आणि भाद्रपदात गणपतीला ते येतात. त्यांच्या मनातली वसाहत ही त्या माहितीपत्रकातलीच वसाहत आहे. त्यांना खांब बिडाचे किंवा निदान बिडासारखे आणि नक्षीचेच हवेत. त्यांची हौस मी खोटी म्हणत नाही. आयुष्यभर दहा बाय दहाच्या खोलीत काढलेल्या माणसाला गावी आल्यावर संध्याकाळी रस्ता सुंदर दिसावा असे वाटले तर त्यात चूक काय? पण जुलैच्या रात्री वीज जाते-येते, रस्त्यावरून घोटाभर पाणी वाहते आणि औषध आणायला कोणाला तरी खाली उतरावे लागते, तेव्हा ते इथे नसतात. इथे बारा महिने राहणाऱ्यांना खांबाचे फूल कुठल्या पाकळ्यांचे आहे याच्याशी देणेघेणे नाही. खांब उभा राहावा, जळत राहावा आणि त्याला हात लागला तर माणूस जिवंत राहावा, एवढेच त्यांचे मागणे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड आणि दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले आणि गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. खांब म्हणजे काय हे त्या दिवसांत ज्यांनी पाहिले, त्यांना ते माहितीपत्रकातून शिकावे लागत नाही.

बिल्डरने हा तट बरोबर हेरला. त्याने एक संमतीपत्र तयार करून सगळ्यांना पाठवले: 'सध्याचे पथदिवे आम्हांस मान्य आहेत.' त्याच्या बदल्यात तो सगळे खांब पुन्हा रंगवून देणार, पडलेली फुले चिकटवून देणार आणि बागेत दोन झोपाळे बसवून देणार. दूर राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी सह्या करून कागद परत धाडलेही. दोन-तृतीयांश सह्या झाल्या की विषय मिटला, असा त्याचा हिशेब आहे.

इथे कायदा काय म्हणतो ते पाहणे इष्ट ठरेल. सदनिका घेणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६३ पासून कायदा आहे. दाखवलेल्या नकाशात आणि तपशिलात परस्पर बदल करू नये, हे तत्त्व त्यातही होते आणि ताब्यानंतर तीन वर्षांत उघड झालेले दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही होती. पुढे २०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदा कायदा केला, ज्याला सगळे 'रेरा' म्हणतात. त्याच्या १४ व्या कलमाने दोषदुरुस्तीची मुदत पाच वर्षे केली आणि असे सांगितले, की इमारतीच्या किंवा सामायिक जागेच्या तपशिलात बदल करायचा तर बिल्डर सोडून इतर खरेदीदारांपैकी किमान दोन-तृतीयांश जणांची लेखी संमती आधी घेतली पाहिजे. 'आधी' हा शब्द पुन्हा वाचा. खांब गंजल्यावर, फूल पडल्यावर, झोपाळ्याचे आमिष दाखवून घेतलेली सही म्हणजे आधीची संमती नव्हे. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे गुंतवणाऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई द्यावी, असे याच कायद्याचे १२ वे कलम सांगते. म्हणजे मराठी माहितीपत्रकातले ते 'ओतीव लोखंडाचे' अगदीच निराधार नाहीत.

कायदा इतका आपल्या बाजूचा असताना मग बिडाच्याच खांबांचा हट्ट का धरू नये? इथे माझे मत माझ्या पुष्कळ शेजाऱ्यांपेक्षा वेगळे पडते. बिडाच्या खांबावर नक्षी का असे, याचा विचार करा. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर १८०७ मध्ये गॅसचे दिवे लागले. मुंबईत भेंडीबाजारासारख्या भागांत ते १८६५ मध्ये आले. त्या काळात खांब ओतूनच घडवत. एकदा साचा तयार झाला की साध्या खांबाला जेवढे काम पडे, जवळजवळ तेवढेच नक्षीच्या खांबालाही पडे. फूल खांबाचेच असे, खांबाबरोबर ओतलेले. ते निखळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ते सौंदर्य त्या वस्तूतून आलेले होते. पाइपवर फायबरचे फूल चिकटवले की नक्कल तेवढी उरते. आणि आज सड्यावरच्या नव्या वसाहतीत बिडाचे खांब आणवले, तरी तीही शंभर वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या कोणाच्या रस्त्याची नक्कलच.

जुन्या दिव्यांवर माणसे जीव टाकतात, त्याला मी हसत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये उरलेले गॅसचे दिवे काढून तिथे एलईडी बसवण्याची योजना २०२१ मध्ये पुढे आली, तेव्हा नागरिकांनी एवढा विरोध केला की तिचा फेरविचार करावा लागला. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे दिवे आले, तेव्हा राणीचा रत्नहार फिका पडला म्हणून केवढा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पिवळसर प्रकाश परत आणला गेला. पण ते लोक जे होते ते राखण्यासाठी भांडत होते. आमच्याकडे जुने असे काहीच नाही. आमच्या सड्यावर या रस्त्याआधी करवंदाच्या जाळ्या होत्या. आम्ही एका चित्रासाठी भांडतो आहोत.

म्हणून माझे मत असे आहे. नुकसानभरपाईचा हक्क रहिवाशांनी सोडू नये, पण तो बिडाच्या फुलांवर खर्चही करू नये. बिल्डरकडून तेवढ्याच किमतीचे, आतून-बाहेरून जस्तात बुडवलेले, साधे, सरळ, बिननक्षीचे खांब घ्यावेत. जस्ताचा थर मोजून घ्यावा. खांबाचे बूड काँक्रीटच्या चौथऱ्यावर, पाणी न साचेल इतके उंच असावे. प्रत्येक खांबाच्या अर्थिंगची मोजणी करून तिचा कागद सोसायटीच्या दप्तरी ठेवावा. गळणारी वीज तोडणारे यंत्र बसवावे. मुले जिथे खेळतात त्या बागेच्या कडेला चांगल्या लेपाचे फायबरचे खांब चालतील, किंबहुना तेच बरे. आणि हे सगळे विशेषणांशिवाय, नावे आणि आकडे घालून लेखी घ्यावे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, साधे खांब कुरूप दिसतील. मला तसे वाटत नाही. आपल्या कोकणातल्या जुन्या घरांचा जांभ्याचा चिरा कुठे नक्षीदार असतो? तो सरळ घडवलेला, आपल्या जागी नीट बसलेला असतो, म्हणून सुंदर दिसतो. दुसरा आक्षेप, की एवढे खोलात गेलात तर बिल्डर बागेचे, पाण्याच्या टाकीचे उरलेले काम अडवून ठेवील. ही भीती खरी आहे आणि बारा महिने इथे राहणाऱ्यांनाच ती अधिक आहे. पण पाच वर्षांची मुदत भीतीने थांबत नाही. ती रोज एका दिवसाने कमी होते. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: सह्या करणारेही फ्लॅटचे मालकच आहेत, त्यांचे मत कमी लेखणारे तुम्ही कोण? उत्तर असे, की त्यांचे मत कमी नाही. पण मत देण्याआधी वस्तू पाहिलेली असावी, एवढी अपेक्षा गैर नाही. माझी सूचना आहे की प्रत्येक सही करणाऱ्या काकांनी आणि काकूंनी जुलैत दोन रात्री इथे येऊन राहावे आणि मग खुशाल सही करावी. घर त्यांचेही आहे.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की निर्णय एकाने घेतला आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली, तर निर्णय हमखास स्वस्त आणि किंमत हमखास महाग होते. बिल्डर खांब निवडतो आणि शेवटचा फ्लॅट विकला की निघून जातो. खांब मागे राहतो. त्याला रंग देणारे, त्याचा दिवा बदलणारे, गंजला तर वर्गणी काढून तो बदलणारे रहिवासी असतात. ज्याला वस्तू पोसायची आहे त्याने ती निवडावी, एवढा साधा न्याय जर सोसायटीच्या रस्त्यावर आपण मिळवू शकत नसू, तर धरणे, महामार्ग आणि बंदरे कोणी कोणासाठी बांधावीत यावर निबंध लिहिण्याचा आपल्याला काय अधिकार?

आपल्यापैकी बहुतेक जण येत्या दहा-पंधरा वर्षांत कर्ज काढून कुठे ना कुठे घर घेतील. घर दाखवणारा माणूस तुम्हांला बैठकीची फरशी दाखवील, स्वयंपाकघराचा ओटा दाखवील, खिडकीतून दिसणारा समुद्र दाखवील. ते सगळे पाहा. मग खाली उतरा, रस्त्यावरच्या खांबाच्या बुडाशी वाकून पाहा, आणि विचारा, हा कशाचा आहे? उत्तर आले तर ते कागदावर लिहून मागा.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)